कुईं-खट्टचा बंदोबस्त

माझ्या गाडीच्या आवाजाबद्दल लोक जे सांगत फिरतात त्यातलं निम्मं खोटं आहे. ती नुसती 'कुरकुरते' असं म्हणणं हा तर तिच्यावर अन्याय आहे. ती सुरू होताना कण्हायची, वळताना कुईं करायची, आणि गतिरोधकावरून उतरली की तिच्या पोटातून असा काही खट्ट आवाज यायचा, की आत कोणीतरी कपाटाचं दार आपटून माहेरी निघून गेलं असावं. इतके वेगवेगळे आवाज एकाच गाडीत मिळणं सोपं नाही. "आवाजामुळे गाडीला एक भारदस्तपणा येतो," असं मी घरात नेहमी म्हणत असे.

हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण आवाज हा माझा प्रांत आहे. मी नगरपालिकेच्या ध्वनी-तक्रार खात्यात आहे. कोणाचा पाण्याचा पंप, कोणाचा कुत्रा, कोणाचं वरच्या मजल्यावर पहाटे टेबल सरकवणं, सगळ्यांच्या तक्रारी माझ्या खिडकीवर येतात. मी शांतपणे ऐकून घेतो, नोंद करतो आणि नोटीस काढतो. दुसऱ्याच्या आवाजावर पोट भरणारा माणूस मी. आपला आवाज कोणाला खुपेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा, म्हणजे ही गाडी मला एवढी का हवी होती. त्याचं असं आहे की घरात माझं कोणी ऐकत नाही. मी 'दूध उतू जातंय' असं ओरडलो तरी बायको आधी मुलीला विचारते, "बघ गं, खरंच जातंय का?" तोवर दूध गेलेलं असतं आणि त्याचा दोष मला मिळतो, कारण मी जवळ उभा होतो. पण गाडीत तसं नव्हतं. दर रविवारी आम्ही गावाबाहेरच्या तलावापर्यंत जाऊन यायचो. माझ्या शेजारचं दार नीट लागत नसे, म्हणून ते आतून दोरीने बांधून टाकलं होतं आणि बायको, मुलगी आणि सासूबाई अशा तिघी मागे बसायच्या. मी चालवता चालवता बोलायचो. हा पूल कोणी बांधला, हा रस्ता असा वाकडा का, जुनं पाण्याचं टाकं का पाडलं, सगळं सविस्तर. आणि समोरच्या आरशात तिघींच्या तीन माना हलताना दिसायच्या. हो, हो, हो. तलावाच्या रस्त्यावर तर माझं बोलणं विशेष रंगत असे, तिथे त्या माना फारच जोरात हलायच्या. ज्याच्या बोलण्यावर आठवड्यातून एकदा तीन माणसं माना डोलावतात, त्याला उरलेले सहा दिवस काढता येतात. माझी तशी कित्येक वर्षं निघाली होती.

एके दिवशी मी डबा खाऊन खिडकीवर परतलो तर शेजारच्या टेबलावरच्या बाई गालातल्या गालात हसत होत्या.

"फोनवर एक तक्रार आलीय," त्या म्हणाल्या. "जुनी गाडी, फार आवाज करते. नंबर लिहून घेतलाय."

मी नंबर वाचला. मग पुन्हा वाचला. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. आकडे आपले तेच. माझ्याच खिडकीवर, माझ्याच खात्यात, माझ्याच गाडीची तक्रार! मी मट्कन खुर्चीत बसलो.

"कोणी केली?" मी विचारलं. माझा आवाज मला ओळखू येईना.

"नाव गुप्त ठेवायला सांगितलंय. नियम तुम्हीच बनवलाय ना?"

बनवला होता खरा. त्याबद्दल साहेबांनी माझी पाठही थोपटली होती.

साहेबांकडे गेलो. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्यांना जास्त आनंद झाला. "आपलं खातं निःपक्षपाती आहे हे दाखवायची संधी आहे," ते म्हणाले. "काढा नोटीस. महिनाअखेरीला मी स्वतः यंत्र घेऊन तपासणीला येतो. आवाज मर्यादेत नसला तर गाडी रस्त्यावर आणायची नाही."

मी जागेवर येऊन स्वतःला नोटीस टाईप केली. 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते' इथून सुरुवात केली. सवयीने मी 'आपल्या बेजबाबदार वर्तनाबद्दल' असंही लिहून गेलो, कारण तो मजकूर नमुन्यातच आहे आणि तो मीच घातला होता. नोटीस घडी करून खिशात ठेवणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "असं नाही. स्वतःच्या हाताने स्वतःला नोटीस बजावता येत नाही. शिपाई घरी नेऊन देईल."

शिपाई माझ्यापासून तीन पावलांवर बसतो. तो उठला, माझ्याकडे बघून नमस्कार केला, सायकलवर टांग मारून माझ्या घरी गेला. पक्षकार घरी नव्हता, कारण मी कचेरीत त्याची वाट बघत होतो. पक्षकार घरी नसेल तर नोटीस दारावर चिकटवावी असा नियम आहे. त्याने ती खळ लावून अशी घट्ट चिकटवली की आजही 'बेजबाबदार वर्तना' एवढी अक्षरं दारावर आहेत, निघत नाहीत. संध्याकाळी मी जिना चढून आलो तेव्हा सगळी इमारत तिथे वाचनाला उभी होती.

"यात लाजायचं काय?" तळमजल्याचे दंतवैद्य म्हणाले. "आवाज होता तो."

या एका वाक्यावरून मला कळलं की तक्रार त्यांचीच. गाडी त्यांच्या दवाखान्याच्या खिडकीखालीच उभी असते. आणि माणूस स्वतः दिवसभर लोकांच्या तोंडात करवतीसारखं यंत्र फिरवतो! मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. समोरून आले की मी जिन्याच्या कठड्याचं निरीक्षण करायचो. ते मात्र रोज हसून विचारायचे, "काय, पत्ता लागला का? काहीतरी मुळाशी हलतंय बघा."

घरात बायकोने नोटीस वाचून एवढंच म्हटलं, "बरं झालं." मुलगी हसली. काळजी फक्त सासूबाईंना वाटली. गॅलरीत बसून त्या रोज विचारायच्या, "जावईबापू, आवाजाचं काय झालं? निघाला का?" या घरात माझ्या दुःखाची जाणीव असलेली ही एकच व्यक्ती, असं मला वाटून गेलं. मी त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही काळजी करू नका. मी गाडी बंद पडू देणार नाही." त्या म्हणाल्या, "गाडी कशाला बंद पडायला हवी? आवाज बंद पडला म्हणजे झालं."

आता आवाज शोधायचा म्हणजे सगळ्या इमारतीने कंबर कसली. लोकांना आपल्या घरातला नळ गळलेला कळत नाही, पण दुसऱ्याच्या गाडीत काय बिघडलंय हे लांबून कळतं. कोणी म्हणालं बिजागऱ्यांना तेल घाला, घातलं. मुलीचा नवा फ्रॉक गेला. कोणी म्हणालं साबण चोळा, चोळला. गाडी धुताना फेस थांबेना. मग वरच्या मजल्यावरचे बँकवाले काका खाली आले. काका निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी कुठल्या गोष्टीत घेत नाही, म्हणून ते स्वतःच शिरतात.

"आवाज बाहेरून ऐकून उपयोग नाही," काका म्हणाले. "आत शिरून ऐकायला पाहिजे. मी डिकीत झोपतो. तुम्ही चक्कर मारा. जागा सापडली की मी दोनदा ठोकीन, मग थांबा."

मी नको नको म्हणत असताना काका उशी घेऊन डिकीत आडवे झाले. हवा यायला डिकीला गंजाने भोकं पाडलेलीच होती. मी झाकण लावलं, ते नेहमीपेक्षा जरा जास्तच घट्ट बसलं, आणि निघालो.

पहिल्या गतिरोधकावर खट्ट झालं. आता हे गाडीचं की काकांचं? मी थांबलो नाही, कारण काका दोनदा ठोकणार होते. पुढच्या गतिरोधकावर खट्ट खट्ट झालं, पण चाकं पुढची आणि मागची अशी दोन असतातच. त्यानंतर मात्र गाडीने कमाल केली. तिच्यातून धपाधप आवाज यायला लागला आणि मधूनच एक लांब, आर्त सूर. इतक्या वर्षांत हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रोग बळावला, आता वेळ घालवण्यात अर्थ नाही, असं ठरवून मी गाडी तडक गॅरेजवर घातली.

गॅरेजच्या मालकाला सगळे सर्जन म्हणतात. म्हणजे तो स्वतः तसं म्हणतो आणि बाकीच्यांना उधारीवर काम करून घ्यायचं असतं. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक डिकीला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले.

"पेशंट शिव्या देतोय," तो म्हणाला.

मला काका आठवले. डिकी उघडायला गेलो तर उघडेना. ओढली, ढकलली, तिच्यावर बसून पाहिलं. शेवटी पहार लावून झाकण उचकटलं तेव्हा काका उठून बसले. केस विस्कटलेले, गालावर उशीचा ठसा, आणि शर्टाला ग्रीस.

"आवाज मागून येत नाही," काका अतिशय आब राखून म्हणाले. "पुढून येतो." आणि चालत घरी गेले. त्यानंतर कितीतरी दिवस काका मला जिन्यात भेटले की कठड्याचं निरीक्षण करायचे. आमचा कठडा इतका कोणी पाहिला नसेल.

सर्जनने निदान केलं की धक्के झेलणारे शॉकअप गेलेत. शॉकअप बदलले. आवाज राहिला. मग तो म्हणाला की सायलेन्सरचा पट्टा सैल आहे. पट्टा आवळला. त्याने बाकीची गडबड थांबली आणि मूळचं कुईं-खट्ट आणखी स्वच्छ ऐकू यायला लागलं. "हे बघा, आता दुखणं मोकळेपणाने बोलतंय," सर्जन खूश होऊन म्हणाला. मला त्याच्या खुशीत सामील होता येईना. महिनाअखेर समोर दिसत होती. त्यानंतरचे रविवार कसे जातील याचं चित्रही दिसत होतं. मी दिवाणखान्यात बसून पुलाबद्दल सांगतोय आणि बायको म्हणतेय, 'जरा पाय वर घ्या, केर काढायचाय.'

खरा शोध लागला तो पंक्चरमुळे. सकाळी कचेरीला निघालो तर मागचं चाक बसलेलं. मी जॅक काढला. जॅक नेमका कुठे लावायचा हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, पण पुस्तक बँकवाल्या काकांनी अभ्यासाला नेलं होतं आणि ते बोलत नव्हते. दाराखाली एक सपाट कड दिसली, तिथे लावला आणि दांडा फिरवायला लागलो. गाडी वर यायला लागली. दार वर आलं, खिडकी वर आली, छत वर आलं. चाक मात्र जमिनीवरच. मी आणखी फिरवलं. छत आणखी वर. चाक तिथेच. आणि मग मी खाली वाकून पाहिलं तर गाडीच्या मध्यातून मला आरपार पलीकडे उभ्या असलेल्या दंतवैद्यांच्या चपला दिसल्या.

गाडी मधोमध उघडली होती! वरचा भाग वर, खालचा भाग खाली, आणि मध्ये हात जाईल एवढी फट. इतकी वर्षं मी एक गाडी चालवतोय असं समजत होतो आणि निघाल्या दोन.

"बघा," फटीतून दंतवैद्यांचा आवाज आला. "मुळाशी हलतंय म्हटलं होतं ना?"

बायको गॅलरीत आली. तिने खाली पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आता वरच्या भागात बसायचं की खालच्या?" सासूबाई तिच्या मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, "निघाला का आवाज?"

सर्जनला बोलावून आणलं. तो गाडीखाली शिरला आणि विजयी मुद्रेने बाहेर आला. त्याच्या हातात काळपट काहीतरी होतं, वाळलेल्या सुपारीच्या खांडासारखं. "हे रबर," तो म्हणाला. "खाली लोखंडाचा सांगाडा, वर बॉडी, आणि मध्ये हे रबराचे गट्टू. त्यांच्यावर बॉडी बसते. तुमचे झिजून संपले. लोखंडावर लोखंड घासतं म्हणून कुईं, आपटतं म्हणून खट्ट. बॉडी कलली म्हणून पुढचं दार लागत नाही आणि डिकी अडकते. या बाजूचे बोल्टही गंजून गेलेत, बॉडी नुसती ठेवल्यासारखी आहे. मला पहिल्यापासून शंका होतीच."

"मग शॉकअप का बदलले?"

"शंका दूर करायला नको?" सर्जन म्हणाला.

म्हणजे मी आजवर जो भारदस्तपणा समजत होतो तो केवळ दोन भागांचा बेबनाव होता. वळणावर एखाद्या वेळी वरचा भाग आम्हा चौघांना घेऊन सरळ निघून गेला असता आणि खालचा वळला असता तर?

गाडी गॅरेजात गेली. सर्जनने बॉडी जॅकवर उचलायला घेतली तेव्हा मी रजा टाकून तिथे हजर होतो. तपासणीला थोडेच दिवस उरले होते. "हळू," मी म्हणत होतो, "हळू." सर्जन म्हणाला, "घरचे लोक ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसतात." पण मी बसलो नाही. बॉडी वर गेली, जुने गट्टू निघाले, नवे बसायला लागले, आणि बॉडी आणखी थोडी वर घेताक्षणी स्टिअरिंगजवळची कुठलीशी वायर ताणली गेली आणि हॉर्न सुरू झाला.

सुरू झाला तो थांबेचना. तो साधा हॉर्न नव्हता, बंपरवर बसवलेला जुन्या काळचा भोंगा होता तो. सर्जन बॉनेटकडे धावला, पण बॉडी वर असल्यामुळे बॉनेट त्याच्या डोक्यावर गेलं होतं. तो स्टूल शोधायला लागला. स्टुलावर बॉडी टेकवलेली होती. समोरच्या दुकानांतून लोक बाहेर आले, पलीकडच्या शाळेतल्या मास्तरांनी खिडक्या लावल्या, आणि मी हॉर्नवर हात ठेवून, टॉवेल ठेवून, शेवटी स्वतः आडवा पडून पाहिलं. माझ्यामुळे आवाज जरा बोबडा झाला, एवढंच.

आणि नेमके त्याच वेळी साहेब आले. हातात यंत्र. त्यांच्या मागे शिपाई.

"फोनवर फोन येतायत," साहेब कानात बोटं घालून ओरडले. "सगळ्या गल्लीने तक्रार केलीय! कोण आहे तो?"

मी हॉर्नवरून मान वर केली. साहेबांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी यंत्राकडे पाहिलं. काटा शेवटच्या आकड्याला टेकून थरथरत होता. शिपायाने मला नमस्कार केला.

सर्जनने शेवटी पक्कड घेऊन दिसेल ती वायर तोडली आणि एकदम सामसूम झालं. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "आलोच आहे तर तपासणी उरकून टाकतो," ते म्हणाले. मला वाटलं, संपलं सगळं. संध्याकाळपर्यंत गट्टू बसले, बॉडी खाली आली, नवे बोल्ट आवळले गेले, पुढच्या दाराची दोरी सुटली आणि साहेबांना शेजारी बसवून मी गाडी गतिरोधकावरून नेली. कुईं नाही. खट्ट नाही. साहेब यंत्राला टिचकी मारून बघत होते, चालू आहे ना म्हणून.

"आवाज नाही," ते जरा निराशेनेच म्हणाले. "जरा हॉर्न वाजवा."

हॉर्न वाजेना. त्याची वायर सर्जनच्या पक्कडीत गेली होती.

"मग पास कसं करणार?" साहेबांचा चेहरा खुलला. "हॉर्न नसलेलं वाहन रस्त्यावर आणता येत नाही. आवाज न केल्याबद्दल दुसरी नोटीस काढावी लागेल. उद्या कचेरीत आलात की टाईप करा."

ती टाईप केली, शिपायाने दारावर चिकटवली, हॉर्न बसवला, पुन्हा तपासणी झाली आणि मी सुटलो. या सगळ्यात माझी जी काही अब्रू गेली ती परत मिळवायला मला एकच गोष्ट पुरेशी होती. रविवार.

रविवारी तिघी नेहमीप्रमाणे मागे बसल्या. गाडी काय चालत होती! लोण्यातून सुरी जावी तशी. गावातून जाताना मी मुद्दाम काही बोललो नाही. खास विषय तलावाच्या रस्त्यासाठी राखून ठेवला होता. पूल दिसला तसा मी घसा साफ केला आणि नेहमीच्या पट्टीत सुरू केलं.

"हा जो पूल आहे ना—"

मागे तिघी दचकून किंचाळल्या. मीही दचकलो आणि ब्रेक दाबला.

"अहो!" बायको छातीवर हात ठेवून म्हणाली. "केवढ्यांदा! कोणाला हाका मारताय?"

"तुम्हालाच सांगतोय. पुलाचं. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"दर रविवारी सांगतो तसं!"

मागे शांतता. इतकी शांतता या गाडीत कधी झाली नव्हती.

"म्हणजे," बायको सावकाश म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही आमच्याशी बोलत होतात?"

"मग कोणाशी?"

"मला वाटायचं, रस्त्यावरच्या लोकांना शिव्या घालताय. म्हणून मी हिला सांगायचे, तू खिडकीबाहेर बघ."

"मला वाटायचं, बाबा गाणं म्हणतात," मुलगी म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली आणि आरशात पाहिलं. तीन चेहरे. तीनही माना जागच्या जागी, स्थिर.

"पण माना हलवत होतात ना?" मी जवळजवळ रडवेला होऊन विचारलं. "हो हो म्हणून? मी आरशात बघत होतो!"

"कोणाच्या माना?" बायकोने विचारलं.

मुलगी हुशार आहे. तिला आधी कळलं. "बाबा," ती जपून म्हणाली, "गाडी हलायची ना. म्हणून हलायच्या."

कित्येक वर्षांचे रविवार डोळ्यांपुढून गेले. पाण्याचं टाकं, वाकडा रस्ता, पूल, आणि हो, हो, हो. रबर. सगळं रबर होतं. रस्ता जितका वाईट तितका होकार मोठा, आणि मला वाटत होतं विषय रंगतोय. मी त्या तीन मानांवर सोमवार ते शनिवार जगलो होतो.

"मला माहीत होतं," मागून आवाज आला. सासूबाई होत्या.

"काय माहीत होतं, आई?"

"तुम्ही बोलता ते. आरशात ओठ दिसायचे ना तुमचे. एकही शब्द ऐकू यायचा नाही. म्हटलं, माणूस एवढा काय सांगतो? म्हणून तर तक्रार केली."

मी आणि बायको एकाच वेळी सासूबाईंकडे वळलो. म्हणजे मी वळलो, ती वळलेलीच होती.

"आई! तू?" बायकोचा आ वासलेला होता.

"मग काय करणार? यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, आवाजाने भारदस्तपणा येतो. म्हटलं यांच्याच कचेरीत फोन करावा, आपल्या माणसाकडे काम लवकर होतं. त्या बाई फार चांगल्या आहेत हं. खूप हसल्या."

"आणि दंतवैद्य? त्यांच्याशी मी महिनाभर बोललो नाही!"

"त्यांना मी सांगून ठेवलं होतं, चार दिवस सांभाळून घ्या म्हणून. ते कुठे रागावलेत?"

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. हॉर्न वाजला. मी कपाळ उचललं. मला राग आला होता, भयंकर राग, आणि राग नेमका कोणाचा येतोय हे शोधताना काहीतरी निराळंच सापडायला लागलं. या गाडीत माझं ऐकावं असं एका माणसाला वाटत होतं. तेवढ्यासाठी तिने माझ्यावर सरकार सोडलं होतं.

मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. सासूबाई उतरल्या, पुढे आल्या, कित्येक वर्षं दोरीने बांधलेलं ते दार त्यांनी उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. दार ओढलं. ते टक् करून लागलं.

"पुढे कशाला, आई?" बायकोने विचारलं.

"मागे तुम्ही दोघी बोलत बसता," त्या म्हणाल्या. "हं, जावईबापू. पूल कोणी बांधला म्हणालात?"

मी गाडी सुरू केली. इतकी वर्षं बोललो, पण समोर कोणी ऐकणारं आहे म्हटल्यावर मला एकदम लक्षात आलं की पुलाबद्दल मला फारसं काही माहीत नाही. कोणाकडून तरी अर्धवट ऐकलेलं, उरलेलं माझ्या पदरचं. तरी हळू आवाजात सांगितलं. आधी इथे लाकडी पूल असणार, तो वाहून गेला असणार, मग एका हट्टी इंजिनिअरने हा दगडी बांधला, आणि दगड बहुधा त्या समोरच्या टेकडीचे. सासूबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघत, भुवया जरा उंचावून, पूल संपून पार तलाव दिसेपर्यंत ऐकत होत्या.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. आडवी.

"नाही पटलं," त्या म्हणाल्या. "त्या टेकडीचा दगड लाल आहे. पूल काळा."

मी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता सपाट होता, रबर नवे होते. ती मान सासूबाईंनी स्वतः हलवली होती.